घाटातली पिकअप आणि क्राउन-पिनियनचे दात

पोलादपूरहून कुडपणला भरलेली पिकअप चढवायची म्हटलं की लोक आधी इंजिनची ताकद विचारतात. मी म्हणेन, मागचं हौसिंग बघा. पिनियनला 11 दात आणि क्राउनला 41, म्हणजे गुणोत्तर 3.73, शाफ्टचे जवळजवळ पावणेचार फेरे झाले की चाकाचा एक. तेच 10 आणि 43 दात असले तर 4.3. मग त्याच गिअरमध्ये चाकाला साधारण 15 टक्के जास्त जोर मिळतो.

फुकट मात्र नाही हं. हायवेला त्याच वेगाला इंजिनचे फेरेही तितकेच वाढतात, डिझेल जास्त जातं. रोज मुंबईची खेप असेल तर 3.73च बरं.

पण कुडपणकरांनी चढापेक्षा उताराचा विचार करावा. खालच्या गिअरात इंजिन गाडीला धरून ठेवतं, 4.3 असेल तर जास्तच घट्ट. ब्रेक कमी तापतात. तापलेला ब्रेक वळणावर धरत नाही, तेव्हा बाजूला दरी असते. न्यूट्रलवर उतरवलीत तर मात्र कुठलंच गुणोत्तर कामाचं नाही.

आणि हौसेनं मोठे टायर घालू नका. व्यास 5 टक्के वाढला की तुमचं 4.3 जवळपास 4.1 होतं. बदलायचंच तर क्राउन आणि पिनियन जोडीनं बदला. फोर-व्हील असेल तर पुढचीही जोडी.