माळरानावरील फुरसे : ओळख व खबरदारी

सोलापूर जिल्ह्यातील माळरानांवर व मुरमाड जमिनींत फुरसे हा विषारी साप आढळतो. सह्याद्रीच्या दाट रानातील हिरवा चापडा त्याचाच दूरचा भाऊबंद होय. चापड्याच्या डोळा व नाकपुडी यांमध्ये उष्णता जाणणारी खळगी असते. फुरशास ती नसते.

फुरसे एक ते दीड फूट लांब व मातकट तपकिरी असते. डोक्यावर बाणासारखी फिकट खूण दिसते. डिवचले असता ते वेटोळी एकमेकांवर घासते आणि करवतीसारख्या खरबरीत खवल्यांमुळे खरखर आवाज होतो. दिवसा ते दगडांखाली व बांधाच्या फटींत दडते. रात्री उंदीर, पाली, विंचू व गोमा खाते. मादी जिवंत पिले देते व ती जन्मतःच विषारी असतात.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने इनाम लावून लक्षावधी फुरशी मारविली. तरी फुरसे नाहीसे झाले नाही. सबब मारण्यापेक्षा सावधगिरी हाच खरा उपाय होय. बांधाचे दगड किंवा कडब्याच्या पेंढ्या उचलण्यापूर्वी त्या काठीने हलवाव्यात. रात्री पिकास पाणी देताना पायांत बूट व हाती विजेरी असावी.

या सापाच्या लहान आकारामुळे माणूस फसतो. दंशाची जागा सुजते. पण रोगी चालतो, बोलतो, म्हणून घरची मंडळी निर्धास्त राहतात. तथापि विषामुळे रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होत असते. काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही, हिरड्यांतून वा लघवीवाटे रक्त जाऊ लागते. हा गमावलेला वेळच प्राणघातक ठरतो.

दंश होताच रोग्यास धीर द्यावा व दंश झालेला अवयव हलू देऊ नये. अंगठी, कडे, जोडवी काढावीत. घट्ट दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये. मांत्रिकाकडे न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साप मारून नेण्याची गरज नाही. रुग्णालयात रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष लस चालते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते याची सुगीपूर्वी चौकशी करावी आणि त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहून ठेवावे.