ऑक्टोबरांतली क्रमवारी आणि मार्चमधला हिशेब

हॉकी म्हटलें कीं आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि ध्यानचंद यांची काठी उभी राहते. अमेरिकेंतील कॉलेजांत मात्र हा शब्द उच्चारला कीं तो बर्फावरचा खेळ असें समजावयाचें. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूस सहा गडी, पायांत स्केट, चेंडूच्या जागीं रबराची कठीण चकती, आणि वीस वीस मिनिटांचे तीन भाग, असें त्याचें स्वरूप आहे. बाल्टिमोर येथें १८९६ सालीं येल व जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांत झालेला सामना हा त्या देशांतील या खेळाच्या अगदीं पहिल्या आंतरविद्यापीठ सामन्यांपैकीं होय.

आज बॉस्टन, ॲन आर्बर, मिनीआपोलिस अशा ठिकाणीं शिकणाऱ्यांत मराठी मुलामुलींची संख्या लहान नाहीं. ऑक्टोबर महिना उजाडला कीं त्यांच्याकडून घरीं खबर येते, 'आमचें कॉलेज यंदा देशांत तिसरें आहे!' आईबापांस आनंद होतो, आणि तो साहजिकच आहे. परंतु हा तिसरा क्रमांक कोणी दिला, आणि त्याच्या बळावर कॉलेजास हंगामाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेंत प्रवेश मिळतो काय, असें विचारल्यास पुष्कळ वेळां मुलांसहि नीट उत्तर देतां येत नाहीं. म्हणून हा विषय येथें थोडा उलगडून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या तिसऱ्या क्रमांकाविषयीं. या क्रमवाऱ्या मतांवर बनलेल्या असतात. त्यांतील एका प्रसिद्ध यादीसाठीं पन्नास प्रशिक्षक व क्रीडावार्ताहर आपापल्या पसंतीचे वीस संघ ओळीनें लिहून देतात. पहिल्यास २० गुण, दुसऱ्यास १९, याप्रमाणें बेरीज करून यादी प्रसिद्ध होते. पहिली यादी तर एकहि सामना झालेला नसतांनाच निघते. गेल्या वर्षीं कोण जिंकलें, कोणते नामांकित खेळाडू नव्यानें आले, घराण्याची कीर्ति काय, एवढ्यावरच तें मत बनतें. परीक्षा होण्यापूर्वींच गेल्या इयत्तेचे गुण पाहून वर्गांतील मुलांस नंबर वांटावे, तशांतलाच हा प्रकार! त्यांतच येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन प्रभृति आयव्ही लीगचीं कॉलेजें इतरांहून उशीरां खेळूं लागतात. इतरांस हंगामांत चौतीस सामन्यांची मर्यादा, तर यांस एकोणतीसांची. म्हणजे कांहींचे पांचसहा सामने आटोपले आणि कांहींनीं बर्फावर पाऊलहि टाकलें नाहीं, अशा स्थितींत दोघांचीं नांवें एकाच यादींत वरखालीं छापून येतात.

आतां राष्ट्रीय स्पर्धेकडे वळूं. १९४८ सालीं कोलोराडो स्प्रिंग्ज येथें ती प्रथम भरली, तेव्हां संघ अवघे चार होते, आणि ते निवडले होते एका समितीनें आपल्या विचारानें. मिशिगननें डार्टमथला ८-४ असें हरवून पहिलें विजेतेपद मिळविलें. पुढें संघांची संख्या वाढत गेली आणि २००३ पासून ती सोळा झाली. पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघांची संख्या साठांहून अधिक असल्यामुळें सोळांत येणें ही लहान गोष्ट नव्हे. हे संघ निरनिराळ्या गटांत विभागलेले असून त्यांपैकीं सहा गटांच्या अंतर्गत स्पर्धेंतील विजेत्यांस हक्काची जागा मिळते. उरलेल्या दहा जागा खुल्या. सगळा वाद, सगळी धाकधूक या दहा जागांपायीं.

या खुल्या जागांसाठीं वार्ताहरांच्या यादीस कवडीचीहि किंमत नाहीं. तेथें चालतें तें गणित. पुष्कळ वर्षें जी पद्धति रूढ होती तिला 'पेअरवाइज' म्हणत. तींत प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशीं जोडी लावून तुलना करीत: समोरासमोर कोण जिंकलें, दोघेहि ज्यांच्याशीं खेळले त्यांच्याविरुद्ध कोणाची कामगिरी सरस, आणि 'आर. पी. आय.' नांवाचा आंकडा कोणाचा मोठा. हा आंकडा फार मौजेचा होता. त्यांत संघाच्या स्वतःच्या यशास शेंकडा २५ वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या यशास २१, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांस ५४! वरसंशोधनांत मुलापेक्षां त्याच्या मामाच्या सासुरवाडीचीच चौकशी अधिक व्हावी, तशी ही तऱ्हा वाटेल. पण तिच्यांत अर्थ होता. दुबळ्यांशीं खेळून मिळविलेले वीस विजय आणि बलाढ्यांशीं झुंजून मिळविलेले पंधरा यांतला फरक कळावा कसा, हा खरा प्रश्न होता. २०२५-२६ च्या हंगामापासून पेअरवाइजच्या जागीं 'एन. पी. आय.' नांवाची नवी मोजणी आली. तिचा मूळ हेतु तोच: तुम्ही जिंकलां किती, तें कोणाविरुद्ध, आणि घरच्या बर्फावर कीं परक्या.

येथें एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत यावी. ऑक्टोबरांतली क्रमवारी निरुपयोगी असली तरी ऑक्टोबरांतला सामना निरुपयोगी नसतो. या हिशेबांत तारखेस स्थान नाहीं. आरंभींच्या विजयास मार्चमधल्या विजयाइतकेंच मोल. इतकेंच नव्हे, तर निरनिराळ्या गटांतील संघांच्या गांठी पडतात त्या बहुतेक हंगामाच्या पूर्वार्धांत. पुढें जो तो आपापल्या गटांत खेळतो. गटांत एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराजय, त्यामुळें गटाचें एकंदर बळ तेथें वाढतहि नाहीं आणि घटतहि नाहीं. कोणता गट भारी आणि कोणता हलका हें जवळजवळ त्या पहिल्या दोनतीन महिन्यांतच ठरून जातें, आणि तें ओझें किंवा तें पुण्य गटांतील सर्वांस वसंतापर्यंत वाहावें लागतें. याचा उलट पुरावा कोरोनाच्या सांथीनें दिला. २०२०-२१ मध्यें बहुतेक गट आपसांतच खेळले. गटागटांस जोडणारे सामने जवळजवळ नाहींसे झाल्याबरोबर तें सारें गणित लंगडें पडलें, आणि समितीस पुनः स्वतःच्या विचारानेंच संघ निवडावे लागले.

गणिताचा हा न्याय किती सूक्ष्म होऊं शकतो याचें उदाहरण २०१८ सालचें. शेवटच्या खुल्या जागेसाठीं मिनेसोटा विद्यापीठ आणि त्याच संस्थेची डुलुथ येथील शाखा यांच्यांत निवड व्हावयाची होती. मिनेसोटाचे सामने केव्हांच संपले होते. दुसऱ्यांचे निकाल पाहत बसण्यावांचून त्या मुलांच्या हातीं कांहींच उरलें नव्हतें. हिशेब झाला तेव्हां डुलुथचा आंकडा ०.०००१ नें अधिक भरला. एक दशसहस्रांश! महिनोन् महिने झालेल्या सामन्यांपैकीं कुठला तरी एखादा निकाल फिरता, तर पारडें उलटलें असतें. डुलुथचा संघ स्पर्धेंत गेला, चारहि सामने एकेका गोलाच्या फरकानें जिंकला आणि अंतिम सामन्यांत नोटर डेमला २-१ असें हरवून विजेता ठरला. त्या यशाची वार्ता मिनेसोटाच्या खेळाडूंनीं कोणत्या मनानें ऐकली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

२०१३ सालीं येलचेंहि असेंच झालें. आपल्या गटाच्या स्पर्धेंतील शेवटचे दोन्ही सामने तो संघ हरला, आणि त्याचें भवितव्य दुसऱ्या गटाच्या अंतिम सामन्यावर येऊन ठेपलें. तेथें मिशिगन जिंकतें तर हक्काची जागा त्यास मिळून येल बाहेर राहिलें असतें. मिशिगन हरलें, आणि सलग बावीस वर्षें राष्ट्रीय स्पर्धेंत खेळण्याचा त्याचा क्रम तेथें तुटला. येल शेवटच्या खुल्या जागेवर आंत आलें आणि अखेरीस क्विनिपिॲकला ४-० असें हरवून विजयी झालें. त्याच हंगामांत क्विनिपिॲकनें येलला तीनदां हरविलें होतें!

हें सारें ऐकून कोणी म्हणेल, एवढ्याशा अपूर्णांकावर तरुण मुलांचें भाग्य ठरविणें हा निष्ठुरपणा आहे. निष्ठुरपणा आहे खरा. तथापि बंद खोलींत बसलेल्या चार पंचांनीं नांवलौकिक पाहून निवड करण्यापेक्षां, ज्याची त्याला घरबसल्या पडताळून पाहतां येते अशी बेरीज आम्हांस अधिक बरी वाटते. हरलेल्यास निदान आपण कोठें कमी पडलों हें तरी कळतें.

मात्र पात्रतेचे कांहीं नियम बेरजेच्याहि बाहेरचे आहेत. ज्याच्या विजयांचें प्रमाण निम्म्याहून कमी त्यास खुल्या जागेचा विचारच नाहीं. २०१३ च्या मिशिगनचे १८ विजय, १९ पराजय आणि ३ बरोबरी होत्या, तेव्हां हक्काच्या जागेवांचून त्यास वाटच नव्हती. हा नियम आम्हांस रास्त वाटतो. दुसऱ्या एका नियमाविषयीं तसें म्हणवत नाहीं. मिनेसोटा राज्यांतील सेंट थॉमस विद्यापीठानें २०२१ सालीं तिसऱ्या श्रेणींतून एकदम पहिल्या श्रेणींत प्रवेश केला. अशा नवागतांनीं कांहीं वर्षें सर्व सामने खेळावयाचे, पण राष्ट्रीय स्पर्धेकडे पाहावयाचें नाहीं, असा दंडक होता. संस्थेचा जम बसला कीं नाहीं हें पाहण्यास चार वर्षें लागत असतीलहि. पण विद्यार्थ्याचें कॉलेजांतलें सारें आयुष्यच चार वर्षांचें. त्या संघानें २०२५ च्या मार्च महिन्यांत आपल्या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, तेव्हांहि तो अपात्रच होता. २०२५-२६ पासून ती बंदी उठली. २०२१ सालीं पहिल्या वर्षास दाखल झालेलीं मुलें तोंपर्यंत पदवी घेऊन बाहेर पडलेलीं होतीं.