यॅरोचे फूल ओळखावे कसे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी पिशवीभर पांढरी फुले घेऊन आली. बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाने तिला युरोपातील यॅरो या औषधी वनस्पतीचे चित्र धाडले होते. हुबेहूब तसेच झाड तिला चर्चच्या कुंपणाशी सापडले. फुले वाळवून काढा करायचा, एवढेच बाकी होते. पिशवी उघडून पाहतो तो आत गाजर गवत! तिच्या मनगटांवर पुरळही उठू लागले होते.

तिला हसण्याचे कारण नाही. यॅरो आणि गाजर गवत ही दोन्ही झाडे सूर्यफुलाच्याच कुळातली. दोघांची पाने चिरलेली, दोघांची फुले पांढरी व बारीक. दोघांच्याही एकेका बोंडाला बहुधा पाचच पाकळ्या असतात, आणि इथेच फसगत होते.

पहिली गोष्ट अशी की, यॅरो आपल्या रानात उगवतच नाही. शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम. भारतात ती काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत हिमालयाच्या उतारांवर, साधारण १००० ते ३६०० मीटर उंचीवर आढळते. तेव्हा गोवा, बेळगाव किंवा हैदराबादच्या माळावर आपोआप उगवलेले झाड यॅरो म्हणून कोणी दाखविले, तर आधी गाजर गवताचाच संशय घ्यावा. बागेत लाल-पिवळ्या फुलांची यॅरो कोणी हौसेने लावतात. त्या शोभेच्या जाती, औषधाला घेऊ नयेत.

नावांवर तर मुळीच विसंबू नये. युनानी हकीम यॅरोला बिरंजासिफ म्हणतात. पण काही ग्रंथांत हेच नाव नागदवण्याच्या जातीच्या एका निराळ्या झाडाला दिलेले आहे. हिंदीत तिला गंदना म्हणतात, आणि फारसीत गंदना म्हणजे कांद्याच्या कुळातली एक भाजी! दुकानात नुसते नाव सांगून माल मागितला तर काय हाती पडेल याचा नेम नाही.

आता झाडाच्या खुणा पाहू. यॅरो बहुवर्षायू आहे. तिचे खोड जमिनीखाली आडवे पसरते व त्यातून नवे कोंब फुटतात. गाजर गवत वर्षभरात संपणारे, त्याला सरळ सोटमूळ. यॅरोचा दांडा केसाळ, शेंड्यापर्यंत बहुधा बिनफांद्यांचा. गाजर गवताला वरच्या भागात फांद्याच फांद्या. यॅरोचे पान लांबट, पिसासारखे, आणि त्याचे तुकडे शेपूच्या पानासारखे बारीक. मिलेफोलियम म्हणजे सहस्रपर्णी, ते यावरूनच. गाजर गवताच्या पानाच्या पाळ्या रुंद व चपट्या असतात. यॅरोचे पान चुरगळल्यास कापरासारखा सुवास येतो. मात्र झाडाची खात्री नसेल तर उघड्या हाताने चुरगळू नये.

फुलोरा वरून सपाट दिसतो. कोथिंबिरीचा फुलोराही असाच, पण तिथे सगळे देठ छत्रीच्या काड्यांप्रमाणे एकाच जागेतून निघतात. यॅरोचे देठ दांड्यावर खालीवर निघून माथ्याशी एका पातळीत येतात. हा भेद मनात पक्का ठेवावा. कारण युरोपात छत्रीसारख्या फुलोऱ्याची, चिरलेल्या पानांची हेमलॉक नावाची जहरी वनस्पती आहे. सॉक्रेटिसाला दिले गेलेले विष तिचेच, असे मानतात.

सुका माल विकत घेताना भुकटी कधीच घेऊ नये. भुकटीत काय दळले आहे हे डोळ्यांना कळत नाही. अख्खी बोंडे असलेला माल मागावा. त्यातली पाच-दहा बोंडे कोमट पाण्यात भिजत घालावीत, मग पांढऱ्या बशीत ठेवून सुईने उकलावीत आणि भिंगातून पाहावीत. बोंड तीन ते पाच मिलिमीटर रुंद असते. बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले हिरवे खवले, त्यांच्या कडा पातळ पापुद्र्याच्या. कडेला चार ते सहा पांढऱ्या किंवा गुलाबी पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. मध्ये नळीसारखी बारीक फुले, आणि त्या फुलांच्या मधूनमधून कोंड्यासारखे पापुद्रे. बाबुन्याच्या फुलात हे पापुद्रे नसतात आणि त्याची गादी आतून पोकळ असते. नागदवण्याच्या जातीत पांढऱ्या पाकळ्याच नसतात. गाजर गवताच्या पाकळ्या इतक्या तोकड्या की बोंड फुलकोबीच्या गड्ड्यासारखे दिसते.

युरोपच्या औषधी-संहितेचा दंडक असा की, एक किलो सुक्या मालात निदान २ मिलिलिटर सुगंधी तेल असावे. ३ मिलिमीटरहून जाड काड्या शेकडा ५ पेक्षा व इतर कचरा शेकडा २ पेक्षा अधिक नसावा. उत्तम मालाचे तेल वाफेवर काढल्यास निळे उतरते. तेल घरी काढता येणार नाही, पण काड्या नि कचरा तर कोणालाही निवडून पाहता येतो!

फ्रान्समध्ये यॅरोला सुतारांची वनस्पती म्हणतात. संत जोसेफच्या हाताला जखम झाली तेव्हा बाळ येशूने हीच पाने आणून लावली, अशी दंतकथा आहे. शुभवर्तमानात असे काही नाही. पण किरकोळ जखमांवर तिचा वापर युरोपात खरोखरच फार जुना आहे. भूक मंदावणे व पोटात मुरडा येणे यांवरही तिचा काढा देत आले आहेत. तथापि खोल जखमेवर पाला बांधून बसू नये. जखम धुऊन दवाखाना गाठावा व धनुर्वाताची सुई घ्यावी.

ज्यांना गाजर गवताची किंवा शेवंतीची खाज येते, त्यांना अस्सल यॅरोही बाधू शकते, कारण कूळ एकच. गरोदर स्त्रियांनी ती घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

एवढे पाहूनही शंका उरली तर फूल, पान व जमिनीखालचा भाग असलेले अख्खे झाड वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे. कोठे, कोणत्या तारखेला मिळाले ते चिठ्ठीवर लिहून जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्राला दाखवावे. आमच्या त्या भगिनीचे पुरळ आठवड्याभरात बसले. कुंपणाशी राहिलेले गवत तरुण मंडळींनी हातमोजे घालून, फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटले.