विसण कोठे पडते?

नळाला कोमट पाणी येणे हा बिघाड वरवर एकच दिसत असला, तरी त्याच्या मागे दोन अगदी भिन्न घटना असू शकतात: एक तर पाणी पुरेसे तापलेलेच नसते, किंवा ते नीट तापलेले असूनही न्हाणीघरातल्या नळापर्यंत पोचण्याआधी वाटेत कोठेतरी त्यात गार पाणी मिसळते. पहिल्या प्रकारात दोष उष्णता देणाऱ्या भागाकडे, म्हणजे गीझरमधील एलिमेंट, थर्मोस्टॅट, विजेचा दाब किंवा गॅसची ज्योत यांच्याकडे असतो; दुसऱ्या प्रकारात तो नळजोडणीकडे असतो आणि गीझर सर्वस्वी निर्दोष असतो. या दोहोंतला भेद न करता थेट गीझरच बदलला, तर खर्च होतो आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच कोमट राहते.

आंघोळीचे कढत पाणी सोसवेल असे व्हावे म्हणून त्यात घातल्या जाणाऱ्या गार पाण्याला मराठीत ‘विसण’ असा नेमका शब्द आहे. तांब्याच्या बंबाच्या काळात, म्हणजे मधल्या नळकांड्यात कोळसे किंवा ढलप्या पेटवून त्याभोवतीचे पाणी तापवीत असत तेव्हा, हे विसण घंगाळात किंवा बादलीत, डोळ्यांदेखत आणि हाताच्या अंदाजाने घातले जाई. त्यामुळे पाणी कमी तापले आहे की विसण जास्त झाले आहे, हा प्रश्नच उद्भवत नसे. लंडनमधील रंगकाम व सजावटीच्या व्यवसायातील बेंजामिन मॉन याने १८६८ साली वाहते पाणी तापविणारे यंत्र तयार केले आणि आइसलंडमधील गरम पाण्याच्या कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ हे नाव दिले. पुढे गीझर घरोघर पोचला, गरम आणि गार पाण्याच्या नळ्या एकाच मिक्सरला, म्हणजे दोन्ही पाणी एकत्र करून सोडणाऱ्या नळाला, जोडल्या जाऊ लागल्या आणि विसण घालण्याची क्रिया बादलीतून उठून भिंतीच्या आत गेली. कोमट पाण्याचे निदान आज अवघड वाटते ते मुख्यतः यामुळेच.

जयपूरच्या राजा पार्क भागात या प्रश्नाची बहुतेक सर्व अंगे एकत्र पाहायला मिळतात. परकोट्याच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराच्या, आग्नेयेला आदर्श नगर, तिलक नगर आणि जवाहर नगर यांच्या शेजारी असलेली ही वस्ती फाळणीनंतर आलेल्या पंजाबी व सिंधी कुटुंबांनी आकाराला आणली. तिच्या गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात आणि एकेकाळच्या बैठ्या घरांच्या जागी आता अनेक ठिकाणी तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत. पाणी तळटाकीतून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवायचे आणि तेथून ते मजल्यामजल्यावर उतरू द्यायचे, अशी व्यवस्था अशा इमारतींत सर्रास असते. जयपूरचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान सुमारे ८ अंश सेल्सिअस असते, आणि कोरड्या, निरभ्र आकाशाखाली गच्ची व तिच्यावरची टाकी रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहतात. त्यामुळे पहाटे गीझरमध्ये शिरणारे पाणी मुंबईतल्या घरात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा पुष्कळच गार असते.

या फरकाचा परिणाम साध्या गणिताने समजू शकतो. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. राजा पार्कमध्ये पहाटे टाकीतले पाणी १२ अंशांचे आणि मुंबईत २४ अंशांचे आहे असे धरले, तर १५ लिटरचा, २ किलोवॉटचा साठवण गीझर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला पहिल्या ठिकाणी सुमारे २५ मिनिटे घेईल आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे १९. त्याहून महत्त्वाचा फरक पुढे पडतो: ६० अंशांच्या या १५ लिटर पाण्यात विसण घालून ४० अंशांचे आंघोळीचे पाणी केले, तर मुंबईत ते सुमारे ३४ लिटर होईल, पण राजा पार्कमध्ये केवळ २६ लिटर, कारण जयपूरचे विसणच इतके गार असते की थोडक्या विसणाने पाणी निवते. दुसरी बादली कोमट निघाली, तर प्रत्येक वेळी बिघाडच झालेला असतो असे नाही. कधी कधी गीझर त्या हवामानाच्या मानाने लहान असतो, इतकेच.

साठवण नसलेल्या ‘इन्स्टंट’ गीझरच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. ३ किलोवॉटचा असा गीझर मिनिटाला ४३ किलोकॅलरी उष्णता देतो. त्यातून मिनिटाला ३ लिटर पाणी वाहू दिले, तर त्याचे तापमान सुमारे १४ अंशांनी वाढते. २४ अंशांचे पाणी यामुळे ३८ अंशांवर जाऊन आंघोळीला योग्य होते, पण १२ अंशांचे पाणी जेमतेम २६ अंशांवर पोचते, आणि ते अंगावर घेताना गारच वाटते. यावर उपाय यंत्र उघडण्याचा नसून नळाची धार बारीक करण्याचा आहे. धार मिनिटाला दीड लिटरवर आणली की तोच गीझर ४० अंशांचे पाणी देऊ लागतो. विजेचा दाब कमी असेल, तर मात्र यंत्राची ताकदच घटते, आणि ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे २३० व्होल्टऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर ३ किलोवॉटचा गीझर प्रत्यक्षात जवळपास २ किलोवॉटचाच उरतो.

जयपूरच्या पाण्याचा दुसरा गुण म्हणजे त्याचा जडपणा. एकेकाळी शहराला रामगढच्या तलावाचे पाणी मिळत असे. १९८२ च्या आशियाई खेळांतील नौकानयनाच्या स्पर्धा झालेला हा तलाव पुढे कोरडा पडला आणि शहराची भिस्त कूपनलिकांवर आली. २००९ पासून टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचे पाणी जयपूरला येऊ लागले, तरी भूजलाचा वापर थांबलेला नाही. या प्रदेशातील मातीत कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, विपुल असल्यामुळे भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर उतरतात. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस सहजासहजी येत नाही. हे पाणी तापले की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते, आणि ते नेमके सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे एलिमेंटवर, पांढऱ्या खरपुडीच्या रूपाने बसते.

ही खरपुडी पाणी कसे कोमट करते, याविषयी एक गैरसमज रूढ आहे. विजेच्या गीझरमध्ये एलिमेंटवर थर बसला, म्हणून उष्णता कोठे नाहीशी होत नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेले असल्याने जेवढी वीज खर्च होते, तेवढी उष्णता उशिरा का होईना पाण्यालाच मिळते. नुकसान होते ते अन्य मार्गांनी. थराखाली एलिमेंट प्रमाणाबाहेर तापून अखेर जळते. पाण्याच्या नळ्यांची तोंडे आवळली जाऊन गरम पाण्याची धार मंदावते. आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे एलिमेंटची उष्णता थराखाली कोंडून जवळच्या थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाला, आधी पोचते व तो पाणी तापण्यापूर्वीच वीज तोडतो. गॅस गीझरची गोष्ट वेगळी आहे. तेथे ज्योत नळीच्या बाहेर असल्यामुळे नळीच्या आतला थर उष्णतेला खरोखरच अडवतो आणि ती धुराबरोबर वाया जाते.

गीझरवरचा लहान दिवा या ठिकाणी चांगला साक्षीदार ठरतो. दिवा लागतच नसेल, तर वीज पोचत नाही किंवा अतितापापासून रक्षण करणारा कटआउट पडला आहे. दिवा लवकर विझतो आणि पाणी कोमटच असते, तर संशय थर्मोस्टॅटवर किंवा क्षारांवर जातो. आणि कोणी पाणी वापरीत नसताना दिवा बराच वेळ जळूनही पाणी तापत नसेल, तर विजेचा दाब कमी आहे, एलिमेंट दुबळे झाले आहे किंवा गार पाणी कोठून तरी आत शिरते आहे. पाणी आतून खदखदल्यासारखा आवाज येऊ लागणे हेही क्षार साचल्याचे लक्षण असते. टाकीला गंजापासून वाचविण्यासाठी आत बसविलेली मॅग्नेशियमची कांब स्वतः झिजत राहते. क्षार काढण्यासाठी गीझर उघडला जाईल तेव्हाच तीही तपासावी, कारण जड पाण्याच्या गावात ही दोन्ही कामे दरवर्षी करणे इष्ट असते.

दिवा योग्य वेळी विझतो, गीझरची बाहेर पडणारी नळी हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते आणि तरीही नळाला कोमट पाणी येते, तेव्हा विसण कोठे पडते याचा शोध घ्यावा लागतो. भिंतीवरच्या उभ्या गीझरला दोन्ही नळ्या खालून जोडलेल्या असतात; गार पाणी तळाशीच सोडले जाते आणि गरम पाणी टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेल्या उंच नळीतून उचलले जाते, कारण तापलेले पाणी हलके होऊन वर जमते. निळ्या व लाल खुणांकडे दुर्लक्ष करून या जोडण्यांची अदलाबदल झाली, किंवा आतील उंच नळी गंजून मध्येच तुटली, तर तळाचे गार पाणीच नळाकडे निघते. मात्र याहून अधिक वेळा आढळणारे कारण मिक्सरमध्ये असते. हातातल्या शॉवरला किंवा फवाऱ्याला स्वतःची चावी असेल आणि ती बंद ठेवून मिक्सरचे गरम व गार असे दोन्ही खटके उघडेच राहिले, तर दोन्ही नळ्या आतून एकमेकींना जोडल्या जातात, आणि ज्या बाजूचा दाब अधिक, त्या बाजूचे पाणी दुसरीत शिरते. गार नळीवर दाब वाढविणारा पंप बसविलेला असेल किंवा गरम बाजू क्षारांनी अरुंद झालेली असेल, तेव्हा गार पाणीच जिंकते, आणि एका न्हाणीघरातला उघडा खटका दुसऱ्या न्हाणीघरातले पाणी कोमट करतो. गच्चीवरच्या टाकीपासून प्रत्येक मीटर खाली उतरताना पाण्याचा दाब सुमारे एकदशांश बारने वाढत असल्यामुळे वरच्या मजल्यावर, जिथे मुळातच दाब थोडा असतो, अरुंद झालेल्या गरम नळीची धार सर्वांत आधी हरते.

या संशयाची परीक्षा सोपी आहे. गीझरची वीज मुख्य खटक्यापासून बंद करावी, त्याच्याकडे गार पाणी नेणारा अँगल कॉक पूर्ण बंद करावा आणि न्हाणीघरातला फक्त गरम पाण्याचा नळ उघडावा. जोडणी निर्दोष असेल, तर थोडे पाणी येऊन धार थांबते. धार वाहतच राहिली, तर गीझरला वळसा घालून गार पाणी गरम नळीत येत आहे, हे सिद्ध होते. मग घरातील एकेक मिक्सर बंद करीत गेल्यावर ज्याच्यापाशी धार थांबते, तो दोषी ठरतो.

हीच परीक्षा चाकांवरच्या घरांनाही लागू पडते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून झोपण्याची, स्वयंपाकाची व आंघोळीची सोय असलेली वाहने मराठी वाचकालाही अपरिचित राहिलेली नाहीत. उत्तर अमेरिकेतील लहान कॅम्पिंग ट्रेलरमध्ये गॅसवर किंवा विजेवर चालणारी सुमारे २३ लिटरची टाकी सामान्यपणे असते. हिवाळ्यात पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून तेथे गीझर रिकामा करतात आणि गोठणरोधक द्रव फक्त नळ्यांतून फिरवितात. त्यासाठी गीझरला टाळून जाणारी एक आडवाट झडपेने उघडलेली असते. उन्हाळ्यात ही झडप पूर्ववत करायची राहून गेली, तर गार पाण्याचा मोठा भाग गीझरमध्ये न शिरता थेट गरम नळीत जातो, आणि आतले पाणी कितीही कढत असले तरी नळाला कोमटच येते. ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूस बसविलेल्या शॉवरचे दोन्ही खटके उघडे राहिले, तरी हेच घडते.

निदान करताना एका गोष्टीचे भान सुटता कामा नये. पाणी कोमट येते म्हणून थर्मोस्टॅट कमाल खुणेवर नेऊन ठेवणे हा उपाय नव्हे, कारण विसणाचा दोष दूर झाला की तेच पाणी भाजून काढील. उलट वीज वाचविण्यासाठी साठवणीचे पाणी सतत कोमट ठेवणेही बरे नाही, कारण लेजिओनेला नावाचे, फुप्फुसांचा आजार घडविणारे जीवाणू कोमट पाण्यात वाढतात, म्हणून साठवणीचे तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवावे आणि विसण नळापाशी घालावे. गॅस गीझर बंद न्हाणीघरात चालविला, तर प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड हा वास व रंग नसलेला विषारी वायू साचतो आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. त्यामुळे तो मोकळ्या हवेतच बसवावा लागतो. विजेच्या गीझरचे झाकण उघडण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपविले पाहिजे.

कारागिराला बोलाविण्याआधी घरच्या घरी करता येण्याजोगे काम मात्र एक मग आणि एक तापमापक यांच्यावर भागते. गीझरचा दिवा विझेपर्यंत थांबून, सर्व गार नळ बंद ठेवून, गीझरच्या सर्वांत जवळच्या नळाचे पाणी मोजावे आणि मग तेच दूरच्या नळाशी मोजावे. जवळ कढत आणि दूर कोमट, तर दोष वाटेत आहे. दोन्हीकडे कोमट आणि अँगल कॉक बंद केल्यावर धार थांबत असेल, तर दोष गीझरमध्ये आहे. आणि धार थांबत नसेल, तर गीझर उघडण्याचे कारणच उरत नाही. बंबाच्या काळात घंगाळात हात घालून जे कळत असे, ते भिंतीआडच्या नळ्यांतून बाहेर आणण्याचा हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.