स्टार्टअपसाठी पहिले गुंतवणूकदार: आधी पुरावा, मग हिस्सा

तुम्ही दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद किंवा फरिदाबाद येथे नवा उद्योग सुरू केला आहे आणि भांडवल शोधत आहात का? मग गुंतवणूकदाराला भेटण्यापूर्वी हे वाचा. सुरुवातीला घाईने दिलेला कंपनीचा हिस्सा परत मिळवणे फार कठीण असते.

घाई का करू नये?

समजा, तुम्हाला २५ लाख रुपये हवे आहेत. हातात फक्त कल्पना असताना कंपनीची किंमत ७५ लाख ठरली, तर गुंतवणूकदाराला २५ टक्के हिस्सा जाईल. उत्पादनाची चाचणी होऊन काही ग्राहक मिळाल्यावर किंमत सव्वादोन कोटी ठरली, तर तेवढ्याच रकमेसाठी १० टक्केच द्यावे लागतील.

याच भागातील उदाहरण पाहा. २००८ मध्ये दिल्लीत 'फूडीबे' हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर हॉटेलांची मेन्यूकार्डे पाहायला मिळत. नोएडाच्या इन्फो एज कंपनीने २०१० मध्ये त्यात सुमारे ४.७ कोटी रुपये गुंतवले. तोपर्यंत लोक ते संकेतस्थळ वापरत होते. हीच कंपनी पुढे 'झोमॅटो' झाली आणि जुलै २०२१ मध्ये शेअर बाजारात आली.

हिस्सा न देता पुरावा कसा उभा कराल?

त्यासाठी 'स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना' आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांच्या तरतुदीने ती सुरू केली. मदत निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत मिळते.

लाभ:
- नमुना तयार करणे व चाचणी: २० लाखांपर्यंत अनुदान, टप्प्याटप्प्याने.
- बाजारात उतरणे व व्यवसाय वाढवणे: ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोखे. ही रक्कम अनुदान नाही.

मुख्य पात्रता:
- डीपीआयआयटीची स्टार्टअप मान्यता.
- अर्जाच्या वेळी कंपनी नोंदणीला २ वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा.
- भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के.
- केंद्र वा राज्याच्या इतर योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी.

एका वेळी पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटरकडे अर्ज करता येतो. मान्यतेसाठी सरकारी शुल्क नाही आणि इन्क्युबेटरही शुल्क घेऊ शकत नाही. 'मंजुरी मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. अर्ज सध्या स्वीकारले जात आहेत का, हे आधी स्टार्टअप इंडिया पोर्टलवर पाहा.

गुंतवणूकदाराला काय दाखवाल?

- ग्राहकाची अडचण आणि तुमचा उपाय, साध्या शब्दांत.
- चाचणीचे निकाल आणि पैसे देणारे ग्राहक. आकडे फुगवू नका; पुढे तपासणी होते.
- मागितलेली रक्कम कोणत्या महिन्यात, कशावर खर्च होईल.
- संस्थापकांतील हिस्सेवाटपाचा लेखी करार.

पैसे घेताना काय पाळावे?

१. खासगी कंपनीने गुंतवणूकदाराला नवे शेअर देताना रक्कम बँकेमार्फतच आणि स्वतंत्र खात्यात घ्यावी. रोख घेऊ नये.

२. रक्कम मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप करावे. तसे न झाल्यास पुढील १५ दिवसांत रक्कम परत करावी. त्यानंतर १२ टक्के व्याज लागते.

३. किंमत आताच ठरत नसेल, तर मान्यताप्राप्त स्टार्टअप कंपनी परिवर्तनीय नोट देऊ शकते. त्यासाठी एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख रुपये यावे लागतात.

४. भागधारक करारात कोणत्या निर्णयांना गुंतवणूकदाराची संमती लागेल, ते नीट वाचा. सही करण्याआधी कंपनी सचिव किंवा वकिलाला दाखवा.

'एंजल टॅक्स'ची तरतूद १ एप्रिल २०२५ पासून लागू नाही. तरीही कंपनीचे मूल्य कसे ठरवले, याची कागदपत्रे जपून ठेवा.

पैसे मिळाल्यानंतर

दर महिन्याला गुंतवणूकदाराला थोडक्यात कळवा: जमा, खर्च, शिल्लक आणि अडचण. वाईट बातमी तुमच्याकडूनच आणि वेळेवर कळली, तर विश्वास टिकतो आणि पुढच्या भांडवलासाठी तोच गुंतवणूकदार तुमची शिफारस करू शकतो.