ब्युटेन लायटर

ब्युटेन लायटर हे दाबाखाली द्रवरूपात साठवलेल्या ब्युटेन वायूवर चालणारे, हातात मावणारे ज्योत निर्माण करणारे साधन आहे. मेणबत्ती, उदबत्ती, चूल, सिगारेट इत्यादी पेटवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. त्याचे एकदा वापरून टाकून देण्याचे आणि पुन्हा भरता येण्याजोगे असे दोन मुख्य प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारचे लायटर योग्य निगा राखल्यास अनेक वर्षे टिकते. मात्र त्यातील इंधन अत्यंत ज्वलनशील असल्यामुळे ते भरण्याची रीत समजून घेणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत ‘लायटर’ या नावाने ओळखले जाणारे नळीच्या आकाराचे साधन बहुधा याहून वेगळे असते. त्यात इंधन नसते. खटका दाबल्यावर आतील दाबविद्युत स्फटिकावर आघात होऊन केवळ ठिणगी पडते आणि शेगडीतून येणारा वायू पेट घेतो. त्यामुळे ते भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इतिहास

आगपेटी प्रचारात येण्यापूर्वी चकमक झाडून कापसावर ठिणगी पाडणे ही अग्नी पेटवण्याची सर्वपरिचित पद्धत होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान वोल्फगांग ड्यॉबेरायनर यांनी १८२३ मध्ये तयार केलेला दिवा हा लायटरचा पूर्वज मानला जातो. त्यात जस्त आणि गंधकाम्ल यांच्या अभिक्रियेतून निघणारा हायड्रोजन प्लॅटिनमच्या संपर्कात येऊन पेट घेत असे.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये फेरोसेरियम या मिश्रधातूचे एकस्व घेतले. लोह, सेरियम आणि तत्सम धातूंचे हे मिश्रण खरवडले असता तप्त ठिणग्या उडतात. आजही लायटरमधील ‘चकमकीचा खडा’ याच मिश्रधातूचा असतो. सुरुवातीच्या खिशातील लायटरमध्ये पेट्रोलसदृश द्रव इंधन आणि वात असे. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्युटेनचा वापर वाढला. फ्रान्समधील बिक कंपनीने १९७३ मध्ये टाकाऊ लायटर बाजारात आणल्यावर हे साधन जगभर स्वस्तात उपलब्ध झाले.

कार्यतत्त्व

ब्युटेनच्या रेणूत चार कार्बन आणि दहा हायड्रोजन अणू असतात. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ०.५° सेल्सिअस असल्याने सामान्य तापमानाला तो वायुरूप असतो. परंतु थोड्या दाबानेही त्याचे द्रवात रूपांतर होते. त्याचा बाष्पदाब ०° सेल्सिअसला सुमारे १, २०° सेल्सिअसला सुमारे २ आणि ५०° सेल्सिअसला सुमारे ५ वातावरण इतका असतो. म्हणूनच प्लास्टिकच्या किंवा पातळ धातूच्या छोट्या टाकीतही तो साठवता येतो. थंड हवेत लायटर नीट का पेटत नाही आणि उन्हात ते धोकादायक का ठरते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच आकड्यांत आहेत.

खटका दाबला की झडप उघडते. टाकीतील द्रवाच्या वरचा वायू सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडतो आणि ठिणगीने पेटतो. साध्या लायटरची ज्योत पिवळी असते. झोतवजा ज्योतीच्या लायटरमध्ये वायू पेटण्यापूर्वीच त्यात हवा मिसळली जाते. त्यामुळे ज्योत निळी, अधिक तप्त आणि वाऱ्याला दाद न देणारी असते.

इंधनाची निवड

लायटरसाठी शुद्ध केलेल्या ब्युटेनचे छोटे कॅन बाजारात मिळतात. कमी शुद्ध वायूतील जड, तेलकट घटक बाष्परूप न होता मागे राहतात आणि कालांतराने छिद्र बुजवतात. झोतवजा ज्योतीच्या लायटरमधील छिद्र फारच बारीक असल्याने त्यासाठी शुद्ध इंधन विशेष महत्त्वाचे असते.

घरगुती सिलिंडरमधील वायू लायटरमध्ये कधीही भरू नये. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. प्रोपेनचा बाष्पदाब ब्युटेनच्या कितीतरी पट असल्यामुळे लायटरची टाकी तो दाब सहन करू शकेलच असे नाही. वात असलेल्या लायटरचे द्रव इंधनही ब्युटेन लायटरमध्ये चालत नाही.

पुनर्भरणाची पद्धत

पुनर्भरण मोकळ्या हवेत किंवा खिडक्या-दारे उघडी असलेल्या जागी करावे. जवळपास पेटती शेगडी, समई, उदबत्ती किंवा विजेची ठिणगी पडेल असे उपकरण नसावे. नुकतेच वापरलेले लायटर आधी पूर्ण थंड होऊ द्यावे.

१. ज्योतीचे नियंत्रण करणारा स्क्रू किंवा चकती सर्वांत कमी पातळीवर आणावी.

२. लायटर उलटे धरावे, म्हणजे तळाची भरण-झडप वर येते. बारीक पेचकसाने ही झडप दाबून आतील उरलेला वायू आणि हवा ‘फुस्स’ असा आवाज थांबेपर्यंत बाहेर काढावी.

३. लायटर उलटेच ठेवून कॅनची तोटी खाली करून झडपेवर सरळ उभी बसवावी. तोटीचे माप जुळत नसल्यास कॅनसोबत येणारा जोड वापरावा.

४. कॅन तीन ते पाच सेकंद घट्ट व स्थिर दाबून धरावा. वारंवार हलके दाबल्याने वायू वाया जातो आणि हवा आत शिरते. सांध्यातून द्रव उलट उडू लागल्यास थांबावे.

५. भरलेले लायटर काही मिनिटे बाजूला ठेवावे. या काळात पृष्ठभागावर सांडलेले ब्युटेन उडून जाते आणि आतील द्रव खोलीच्या तापमानाला येतो.

६. त्यानंतरच, चेहऱ्यापासून दूर धरून, लायटर पेटवून पाहावे आणि ज्योत हळूहळू हवी तेवढी वाढवावी.

यातील दुसरी पायरी बहुधा गाळली जाते आणि ‘भरूनही लायटर पेटत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. ब्युटेनचे बाष्प दाबाखाली द्रवरूप होते, हवा मात्र होत नाही. अडकलेल्या हवेचा दाब टाकीत तसाच राहिल्याने नवा द्रव पुरेसा आत जात नाही. शिवाय वरच्या भागातून आधी हवाच बाहेर पडत असल्यामुळे ज्योत फडफडते किंवा विझते.

कॅन उलटा धरण्यामागेही कारण आहे. सरळ धरलेल्या कॅनमधून प्रामुख्याने वायू बाहेर येतो, तर उलट्या कॅनमधून द्रव येतो. टाकी काठोकाठ भरणे मात्र हितावह नाही. तापमान वाढताच द्रव प्रसरण पावतो आणि त्याला मोकळी जागा लागते. लायटरच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएसओ ९९९४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार द्रव इंधनाने टाकीच्या क्षमतेच्या ८५ टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये.

देखभाल आणि सामान्य दोष

ठिणगी न पडणे: चकमकीच्या लायटरमध्ये खडा झिजलेला असण्याची शक्यता असते. तळाचा स्क्रू सोडवून स्प्रिंग बाहेर काढावी, जुन्या खड्याचे तुकडे झटकून नवा खडा बसवावा. दातेरी चाकात साचलेली भुकटी कोरड्या ब्रशने काढावी. दाबविद्युत लायटरमध्ये ठिणगीची तार वाकलेली किंवा काजळीने माखलेली नाही ना, हे पाहावे.

ठिणगी पडूनही ज्योत न येणे: इंधन संपलेले असते, छिद्र बुजलेले असते किंवा आत हवा अडकलेली असते. छिद्रावर हवेचा झोत मारून कचरा काढता येतो. सुईने टोकरल्यास छिद्र मोठे होऊन ज्योत अनियंत्रित होण्याचा धोका असतो.

थंडीत न पेटणे: तापमान शून्याच्या आसपास गेल्यास ब्युटेन पुरेसे बाष्परूप होत नाही. लायटर काही वेळ आतल्या खिशात ठेवून शरीराच्या उष्णतेने उबदार करणे पुरेसे असते. ते आगीजवळ तापवू नये.

गळती: भरलेले लायटर न वापरताच काही दिवसांत रिकामे होत असेल, तर झडपेतील रबरी कडी झिजलेली असते. झडपेवर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुड्यांवरून गळती ओळखता येते. गळके लायटर वापरू नये.

सुरक्षितता

ब्युटेन वायू हवेच्या सुमारे दुप्पट जड असतो. बाहेर पडलेला वायू वर न जाता जमिनीलगत, टेबलाखाली किंवा खोलगट जागी साचतो. एक मिलिलिटर द्रव ब्युटेनपासून सुमारे २४० मिलिलिटर वायू तयार होतो. हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून किंचित कमी असले, तरी मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजेच सांडलेल्या एका मिलिलिटरपासून दहा लिटरहून अधिक ज्वलनशील मिश्रण बनू शकते. घरगुती सिलिंडरमधील वायूत गळती लक्षात यावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. लायटरसाठी शुद्ध केलेल्या वायूला तसा वास असेलच असे नाही. त्यामुळे केवळ वासावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

द्रव ब्युटेन त्वचेवर पडल्यास झपाट्याने बाष्पीभवन होऊन हिमदंश होऊ शकतो. हा वायू हेतुपुरस्सर हुंगणे प्राणघातक आहे. हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू ओढवल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. लायटर आणि कॅन मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ते ठेवू नयेत. विमानप्रवासात इंधनाचे कॅन कोणत्याही सामानातून नेता येत नाहीत.

नियमन आणि विल्हेवाट

अमेरिकेत १९९४ पासून टाकाऊ लायटर लहान मुलांना सहज पेटवता येणार नाही अशा रचनेचे असणे बंधनकारक आहे. भारतात तमिळनाडूतील आगपेटी उद्योगाने स्वस्त परदेशी लायटरविरुद्ध मागणी केल्यानंतर, जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने २० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर बंदी घातली.

निकामी लायटर किंवा रिकामा वाटणारा कॅन यांत थोडा वायू उरलेला असतोच. तो मोकळ्या हवेत पूर्णपणे सोडून दिल्यावरच ती वस्तू टाकावी. अशा वस्तू पालापाचोळ्यासोबत जाळल्या जाणाऱ्या कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नयेत, कारण उष्णतेने आतील दाब वाढून त्यांचा स्फोट होतो.