मांडीला पट्टा बांधून व्यायाम: हृदयावर काय होतं?



मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, मोबाईलवर बघितलं. मांडी आवळून उठ-बस केली की गुडघ्याला ताकद येते म्हणे. मी ओढणी बांधून करतेय." काकूंना बीपीची गोळी चालू आहे. म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितेय.

हा व्यायाम खोटा नाही. जपानच्या योशिआकी सातो यांनी तो सुरू केला, तिकडे त्याला 'कात्सू' म्हणतात. दंडाला किंवा मांडीला हवेचा पट्टा बांधून अगदी हलकं वजन उचलायचं. ऑपरेशननंतर ज्यांना जड वजन झेपत नाही, त्यांना फिजिओथेरपिस्ट तो समोर उभं राहून करायला लावतात.

आता हृदयाचं बघू. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जाड, तर परत आणणाऱ्या शिरा मऊ. पट्टा आवळला की शिरा आधी दबतात. म्हणजे रक्त पायात जातं, पण परत कमी येतं. हृदयात दर ठोक्याला कमी रक्त भरतं, मग ते भरपाई म्हणून ठोके वाढवतं. इकडे स्नायूत टाकाऊ पदार्थ साठतात. नसा तसा निरोप मेंदूला देतात, इतर रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. पट्टा सोडला की बीपी एकदम उतरतं, कुणाला चक्करही येते.

निरोगी माणसाला हे देखरेखीखाली झेपतं. पण ज्यांना बीपी, हृदयाचा आजार किंवा पायाच्या फुगलेल्या शिरा आहेत, ज्यांना पूर्वी रक्ताची गाठ झाली होती, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे अजिबात करू नये.

आणि ओढणी तर कुणीच बांधू नये. दवाखान्यात पट्ट्याचा दाब मोजून ठेवतात. ओढणी किती आवळली ते कसं कळणार? जास्त आवळली तर नस दबून पाय बधिर होतो.

गुडघ्यासाठी साधा उपाय आहे. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, 5 मोजेपर्यंत धरा, खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. दुखलं तर थांबा. श्वास रोखू नका, त्यानेही बीपी चढतं.

काकूंनी ओढणी सोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून आलो. तुम्ही शेवटचं कधी मोजलं? 140/90 किंवा जास्त आलं तर डॉक्टरांना दाखवा. पुढच्या बैठकीला येताना आपला आकडा वहीत लिहून आणा.